एक तृतीयांश मत कमी पडलं : शिंद्यांचा तनखा आणि घटनादुरुस्तीची वाट

श्रावणातल्या सोमवारी महाकालाची पालखी नगरप्रदक्षिणेला निघते तेव्हा देवळाच्या दारात पोलिसांची सशस्त्र तुकडी सलामी देते. गेल्या श्रावणात पुण्याहून आलेले एक पाहुणे माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी विचारलं, "देवाला सरकारी सलामी कशी काय?" मी आपलं नेहमीचं उत्तर दिलं. उज्जैनचा राजा एकच, महाकाल. दुसऱ्या राजानं इथे रात्रीचा मुक्काम करायचा नाही, असं लोक मानतात. शिंदे सरकारसुद्धा गावाबाहेर कालियादहच्या महालात उतरायचे, असं जुनी मंडळी सांगतात.

पाहुणे हसले आणि म्हणाले, "मग त्या दुसऱ्या राजाची सलामी कधी बंद झाली?"

हा प्रश्न मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी मांडला. 'इंदिरा गांधींनी तनखे बंद केले' एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. पण ते केलं कसं, याचं नीट उत्तर कुणाकडे नव्हतं. एक जण म्हणाले, वटहुकूम काढला. दुसरे म्हणाले, कोर्टानं रद्द केले. प्रत्यक्षात राष्ट्रपतींचा आदेश निघाला होता आणि कोर्टानं तो आदेशच रद्द केला होता. तनखे गेले ते त्यानंतर वर्षभरानं, आणि गेले राज्यघटनेच्या दुरुस्तीनं. त्या दुरुस्तीचा रस्ता आपल्या उज्जैनच्या इतिहासातून जातो, म्हणून हा निबंध.

करारातला राजा

थोडी उजळणी करतो. राणोजी शिंद्यांच्या काळापासून उज्जैन शिंद्यांकडे. आज दिसतं ते महाकालाचं देऊळ त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात पुन्हा उभं केलेलं. गोपाळ मंदिर दौलतरावांच्या पत्नी बायजाबाईंचं. दौलतरावांनी १८१० मध्ये राजधानी ग्वाल्हेरला नेली, तरी माळव्याचा कारभार इथूनच चाले. आमचे आजोबा सुभ्याच्या कचेरीत कारकून होते. घरात त्यांना सगळे अप्पा म्हणत. माजघरात देवांच्या तसबिरींच्या शेजारी जिवाजीराव महाराजांची तसबीर होती, आणि दिवाळीत दोन्हीकडे हार पडे.

एप्रिल १९४८ मध्ये ग्वाल्हेर, इंदूर आणि माळव्यातल्या इतर संस्थानांनी करारनाम्यावर सह्या केल्या. २८ मे १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते 'मध्य भारत' या संघाचं उद्घाटन झालं. जिवाजीराव शिंदे राजप्रमुख झाले, यशवंतराव होळकर उपराजप्रमुख. राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. राज्य सोडण्याच्या बदल्यात तनखे ठरले. ग्वाल्हेरला वर्षाला २५ लाख, इंदूरला १५ लाख. हे मोठे आकडे त्या त्या राजाच्या हयातीपुरते होते. जिवाजीराव १९६१ मध्ये वारले आणि माधवरावांना ग्वाल्हेरचे शासक म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा तनखा १० लाखांवर आला.

महत्त्वाचं म्हणजे हे वचन नुसत्या करारात राहिलं नाही, ते राज्यघटनेत लिहिलं गेलं. कलम २९१ मध्ये तनखा, तोही भारताच्या संचित निधीतून आणि प्राप्तिकरमुक्त. कलम ३६२ मध्ये मानमरातब आणि विशेषाधिकार, आणि कलम ३६६ च्या २२ व्या खंडात 'शासक' कोणाला म्हणायचं त्याची व्याख्या. राष्ट्रपती ज्याला मान्यता देतील तो शासक. ही व्याख्या लक्षात ठेवा, पुढे सगळं भांडण तिच्यावरच झालं.

तीन दरवाजे

आता घटनेत लिहिलेलं बदलायचं कसं? घटना समितीत या कलमाची चर्चा १७ सप्टेंबर १९४९ रोजी झाली. मसुद्यात त्याचा क्रमांक ३०४ होता, पुढे तो ३६८ झाला. इथून फार लांब नसलेल्या महू छावणीत जन्मलेल्या डॉ. आंबेडकरांनी त्या दिवशी सभागृहाला समजावून सांगितलं की मसुद्यात घटनेच्या तरतुदींचे तीन वर्ग केले आहेत. घराची उपमा घेतली तर हे तीन दरवाजे झाले.

पहिल्या दरवाजाला नुसती कडी आहे. काही गोष्टी संसद साध्या बहुमताने, साध्या कायद्याने बदलू शकते. राज्यांच्या सीमा, राज्यांची नावं, नवी राज्यं या त्यातल्याच. कलम ४ मध्ये स्पष्टच म्हटलं आहे की असा कायदा ही ३६८ खालची घटनादुरुस्ती समजायची नाही.

दुसऱ्या दरवाजाला कुलूप आहे. विधेयक लोकसभेत मांडा की राज्यसभेत, दोन्ही सभागृहांत ते वेगवेगळं मंजूर झालं पाहिजे, आणि प्रत्येक ठिकाणी दोन अटी एकाच वेळी पुऱ्या झाल्या पाहिजेत. सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून अधिक मतं हवीत, आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी किमान दोन तृतीयांश. साध्या विधेयकावर दोन सभागृहांचं जमलं नाही तर संयुक्त बैठक घेता येते. १९६१ मध्ये हुंडाबंदीच्या विधेयकासाठी तशी घेतलीही. घटनादुरुस्तीला ती सोय नाही. राज्यसभा अडली की विधेयक संपलं.

तिसऱ्या दरवाजाला दोन कुलपं आहेत. वरचं सगळं झाल्यावर किमान निम्म्या राज्यांच्या विधानमंडळांनी ठराव करून संमती द्यायची. राष्ट्रपतींची निवडणूक, सर्वोच्च आणि उच्च न्यायालयं, केंद्र आणि राज्यं यांच्यातली अधिकारांची वाटणी, राज्यांचं संसदेतलं प्रतिनिधित्व अशा विषयांना हा दरवाजा लागतो. खुद्द ३६८ ला हात लावायचा तरी हाच. अलीकडचं उदाहरण म्हणजे २०१६ ची जीएसटीची दुरुस्ती, तिला राज्यांची संमती घ्यावी लागली होती.

चौथा, कायम बंद असलेला दरवाजा असावा का, हा विचारही तेव्हा झाला होता. व्यक्तीचे हक्क आखडणारी दुरुस्ती कधी होताच कामा नये, अशी सूचना अमरावतीच्या डॉ. पंजाबराव देशमुखांनी मांडली होती. ती स्वीकारली गेली नाही. पण प्रश्न मिटला नाही, पंचवीस वर्षांच्या आत तो परत आला.

१९५६ : एका दिवसात दोन दरवाजे

उज्जैनने दोन प्रकारचे बदल एकाच तारखेला पाहिले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य भारत संपला आणि आपण मध्य प्रदेशात आलो. राज्य बदललं ते १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने, म्हणजे नुसत्या कडीच्या दरवाजाने. मंदसौर जिल्ह्यातला सुनेलचा टप्पा राजस्थानला गेला, तिकडून सिरोंज इकडे आलं. मध्य भारताच्या विधानसभेला याबाबत फक्त मत देता येत होतं, नकाराचा अधिकार नव्हता. शिवाय ते मत किती मुदतीत द्यायचं हे राष्ट्रपती ठरवतील, असं १९५५ च्या पाचव्या घटनादुरुस्तीने आधीच नक्की केलं होतं.

राजप्रमुख हे पद मात्र असं जाणार नव्हतं, कारण ते घटनेत होतं. १९५० च्या घटनेत राज्यांचे भाग अ, ब, क असे वर्ग होते. मध्य भारत भाग ब मध्ये, आणि तिथे राज्यपालाऐवजी राजप्रमुख. हे वर्ग आणि राजप्रमुख दोन्ही सातव्या घटनादुरुस्तीने गेले. मजा अशी की त्या दुरुस्तीने खुद्द ३६८ मधलेही काही शब्द काढले. मूळ कलमात संमतीसाठी भाग अ आणि ब मधल्याच राज्यांची मोजदाद होती. म्हणजे आपल्या सीमा पुसणाऱ्या कायद्याला मध्य भारत नाही म्हणू शकत नव्हता, पण घटनादुरुस्तीच्या संमतीच्या वेळी त्याच्या विधानसभेचं मत मोजलं जाणार होतं. एकाच घटनेनं एका हातानं काढलं आणि दुसऱ्या हातानं दिलं.

त्याच दिवशी नव्या मध्य प्रदेशच्या उच्च न्यायालयाचे पहिले मुख्य न्यायमूर्ती झाले एम. हिदायतुल्ला. हेही नाव लक्षात ठेवा.

आमच्या घरी राजप्रमुखपद गेल्याचं अप्पांना फारसं वाईट वाटलं नाही, असं वडील सांगत. "पद सरकारनं दिलं, सरकारनं घेतलं," एवढंच ते म्हणाले. तनख्याचं मात्र तसं नव्हतं. तो त्यांच्या लेखी मोबदला होता, आणि दिलेला शब्द होता.

५ सप्टेंबर १९७०

१९६७ मध्ये काँग्रेसच्या महासमितीने तनखे आणि विशेषाधिकार बंद करण्याचा ठराव केला. गृहमंत्री म्हणून यशवंतराव चव्हाणांनी संस्थानिकांच्या प्रतिनिधींशी वाटाघाटी केल्या, पण तोडगा निघाला नाही. मे १९७० मध्ये विधेयक आलं. त्याचा हेतू कलम २९१, ३६२ आणि ३६६(२२) वगळण्याचा. ही कलमं तिसऱ्या दरवाजाच्या यादीत नाहीत, म्हणून राज्यांना विचारायची गरज नव्हती. दुसरा दरवाजा पुरेसा होता.

२ सप्टेंबरला लोकसभेत विधेयक आवश्यक बहुमताने मंजूर झालं. ५ सप्टेंबरला राज्यसभेत मतदान झालं. बाजूने १४९, विरुद्ध ७५.

मी तेव्हा पाचवीत होतो. वडील शिक्षक. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र घेऊन बसले आणि मला म्हणाले, "पाटी आण." मी बेरीज केली, १४९ आणि ७५ म्हणजे २२४. "आता याचे दोन तृतीयांश काढ." मी काढले, १४९ आणि वर एक तृतीयांश.

"मग पास की नापास?"

मला कळेना. एक तृतीयांश माणूस कुठे असतो? मी म्हणालो, "जवळजवळ पास."

वडील म्हणाले, "जवळजवळ पास म्हणजे नापास."

एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याची अट १४९ मतांनी सहज पुरी झाली होती. अडलं ते दुसऱ्या अटीवर, मताच्या एक तृतीयांश भागानं. अप्पा झोपाळ्यावर बसले होते. ते म्हणाले, "देवानं राखलं." वडील म्हणाले, "देवानं नाही अप्पा, तीनशे अडुसष्टनं."

खिडकीतून शिरणं

दुसऱ्याच दिवशी, ६ सप्टेंबरला, राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या सहीने आदेश निघाला. 'राष्ट्रपती मान्यता देतील तो शासक' ही व्याख्या घटनेत होती, तिचाच आधार घेऊन सगळ्या संस्थानिकांची मान्यता एकदम काढून घेण्यात आली. शासकच नाही म्हटल्यावर तनखा कुणाला द्यायचा? दरवाजा उघडला नाही तेव्हा सरकार खिडकीतून शिरलं, असं म्हणायला हरकत नाही.

याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या याचिकांमध्ये मुख्य होती ग्वाल्हेरच्या माधवराव जिवाजीराव शिंद्यांची. नानी पालखीवालांनी संस्थानिकांची बाजू मांडली. अकरा न्यायमूर्तींचं पीठ, अध्यक्षस्थानी आता देशाचे सरन्यायाधीश झालेले हिदायतुल्ला. निकाल १५ डिसेंबर १९७० ला लागला, त्यांच्या निवृत्तीला एक दिवस उरला असताना. बहुमताने आदेश रद्द झाला. सोप्या भाषेत त्याचा अर्थ असा की एखाद्या शासकाला मान्यता देण्याचा किंवा काढण्याचा अधिकार राष्ट्रपतींना घटनेच्या चौकटीत आहे, पण त्याचा वापर करून शासक ही संकल्पनाच घटनेतून पुसता येणार नाही. जे घटनेत लिहिलं आहे ते काढायचं तर घटनादुरुस्तीच्याच मार्गाने.

हा निकाल 'राजांच्या बाजूचा' म्हणून ओळखला जातो. मला तो तसा वाटत नाही. न्यायालयानं राजे अमर आहेत असं म्हटलं नाही. दरवाजा कोणता एवढंच सांगितलं.

पुन्हा दरवाजाने

डिसेंबर १९७० संपता संपता लोकसभा विसर्जित झाली. मार्च १९७१ च्या निवडणुकीत इंदिरा गांधींच्या काँग्रेसला ३५२ जागा मिळाल्या. गंमत म्हणजे तनख्याचा खटला जिंकलेले माधवराव याच निवडणुकीत गुण्याहून लोकसभेत पोचले. राजा म्हणून कोर्टात जिंकलेला माणूस आता मतदारांनी निवडलेला खासदार होता.

त्याआधी एक अडचण होती. १९६७ च्या गोलकनाथ खटल्यात न्यायालयाने म्हटलं होतं की मूलभूत हक्क घटनादुरुस्तीनेही कमी करता येणार नाहीत, आणि मालमत्तेचा हक्क तेव्हा मूलभूत होता. म्हणून आधी चोविसावी दुरुस्ती झाली, ५ नोव्हेंबर १९७१ पासून लागू. तिने ३६८ मध्येच लिहिलं की घटनेच्या कोणत्याही तरतुदीत भर घालण्याचा, ती बदलण्याचा किंवा रद्द करण्याचा अधिकार संसदेला आहे. दुरुस्तीच्या विधेयकाला राष्ट्रपतींनी संमती दिलीच पाहिजे, हेही तिनेच घातलं. ३६८ ला हात लागत होता, त्यामुळे इथे तिसरा दरवाजा, म्हणजे राज्यांची संमती घ्यावी लागली.

मग सव्विसावी दुरुस्ती. डिसेंबर १९७१ मध्ये दोन्ही सभागृहांनी ती मंजूर केली. या वेळी पाटीवर गणित करायची वेळ आली नाही, बहुमत भरघोस होतं. २८ डिसेंबर १९७१ पासून कलम २९१ आणि ३६२ वगळली गेली, शासकाची व्याख्या बदलली, आणि नवं कलम ३६३-अ आलं : मान्यता संपली, तनखा संपला, त्यासंबंधीची सगळी देणी संपली.

पाहुण्यांच्या प्रश्नाचं उत्तर हे. एकवीस तोफांच्या मानाच्या ग्वाल्हेरचा 'राजा' कायद्यानं संपला तो त्या दिवशी.

शब्द आणि सत्ता

गोष्ट इथेच संपत नाही. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्तींच्या पीठाने सात विरुद्ध सहा अशा बहुमताने ठरवलं की संसद घटनेचा कोणताही भाग बदलू शकते, पण घटनेची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. पंजाबरावांच्या सूचनेतला बंद दरवाजा वेगळ्या रूपात परत आला, असं मला वाटतं. तो घटनेच्या अक्षरांत नाही, न्यायालयाच्या निकालात आहे.

मग या कसोटीवर तनख्याची दुरुस्ती टिकते का? हा प्रश्न कोल्हापूरकडच्या धाकट्या कुरुंदवाड संस्थानच्या रघुनाथराव गणपतराव यांनी १९७२ मध्येच न्यायालयात नेला होता. निकाल लागला ४ फेब्रुवारी १९९३ ला. न्यायालय म्हणालं, सव्विसाव्या दुरुस्तीने मूलभूत चौकटीला धक्का लागत नाही. समतेवर उभ्या असलेल्या प्रजासत्ताकात जन्मानं मिळणारे विशेषाधिकार काढणं हे चौकटीविरुद्ध नाही.

अप्पा तो निकाल पाहायला नव्हते. ते १९७४ ला गेले. शेवटपर्यंत त्यांचं म्हणणं एकच होतं : "लिहून दिलं होतं ना? मग?" वडिलांचं उत्तरही ठरलेलं : "अप्पा, ज्या पुस्तकात लिहून दिलं, त्याच पुस्तकात खोडायचं कसं तेही लिहिलं होतं."

लहानपणी मला हे भांडण राजाबद्दलचं वाटे. आता वाटतं, दोघंही राजाबद्दल बोलतच नव्हते. अप्पांना प्रश्न पडला होता की सरकारनं दिलेला शब्द किती दिवस टिकतो. आज २५ लाखवाल्याचा मोडला, उद्या ९० रुपये पेन्शनवाल्याचा मोडला तर? वडिलांचा प्रश्न असा की एका पिढीनं दिलेल्या शब्दानं पुढच्या सगळ्या पिढ्या बांधल्या जाव्यात का. माझ्या मते घटनेनं दोघांचीही थोडी थोडी बाजू घेतली. शब्द बदलता येईल, पण सहजासहजी नाही. एक तृतीयांश मत कमी पडलं तरी नाही. रात्रीतून आदेश काढून तर नाहीच. उघड चर्चा करून, मोजून, दोन्ही सभागृहांत.

संस्थानिकांविषयी मला ममत्व नाही. १९७० च्या सुमारास सगळ्या तनख्यांची मिळून रक्कम वर्षाला पाच कोटींच्या आतच होती, तेव्हा प्रश्न पैशांपेक्षा तत्त्वाचा होता, आणि तत्त्व वडिलांच्या बाजूचं होतं. पण १९७० च्या सप्टेंबरातली ती खिडकी बंद झाली, याचं मोल मला त्याहून जास्त वाटतं. कारण त्या खिडकीतून पुढे कुणाचंही काहीही नेता आलं असतं.

माजघरातली महाराजांची तसबीर वडिलांनी काढली नाही. फक्त देवांच्या शेजारून उचलून समोरच्या भिंतीवर, अप्पांच्या फोटोजवळ लावली. ती अजून तिथेच आहे.

जाता जाता एक विनंती. उज्जैन, शाजापूर, मंदसौर भागातल्या मराठी घरांत १९४८ ते १९५६ मधले मध्य भारत शासनाचे कागद अजून ट्रंकांमध्ये पडून आहेत. नेमणुकीची पत्रं, राजपत्रं, पेन्शनीचे आदेश. रद्दीत घालण्याआधी ते मंडळाला एकदा दाखवा. आठ वर्षं जगलेल्या या राज्याची आठवण राहिली तर अशाच कागदांतून राहील.